अप्रियवादी टॅफ्ट

अमेरिकेंत रिपब्लिकन पक्षाचे पुढारी पुष्कळ झाले. परंतु ‘मिस्टर रिपब्लिकन’ हें उपपद मिळालें तें रॉबर्ट टॅफ्ट यांस. नवल असें कीं, त्याच पक्षानें अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांस कधींच दिली नाहीं. १९४०, १९४८ आणि १९५२ अशा तीन अधिवेशनांत ते उभे राहिले आणि तीनही वेळां मागें पडले.

त्यांचा जन्म १८८९ सालीं ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं झाला. वडील विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे प्रथम राष्ट्राध्यक्ष व मागाहून सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. हीं दोन्ही पदें भूषविणारा पुरुष त्या देशांत दुसरा झाला नाहीं. मुलगा बुद्धीनें तोलामोलाचा निघाला. हार्वर्ड येथील कायद्याच्या परीक्षेंत तो पहिला आला. मात्र सभा जिंकण्याची कला त्यास साधली नाहीं. भाषणांत आंकडे फार आणि आर्जव थोडें, असा प्रकार.

१९३९ पासून ते सिनेटांत बसले. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणानें सरकारचा हात प्रत्येक व्यवहारांत शिरतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. १९४७ चा टॅफ्ट-हार्टले कायदा मजूरसंघांच्या सत्तेस आळा घालणारा. अध्यक्ष ट्रुमन यांनीं तो नाकारला असतांही दोन्ही सभागृहांनीं दोनतृतीयांश मतांनीं तो पुनः संमत केला. यावरून टॅफ्ट गरिबांचे वैरी ठरले. पण सरकारी खर्चानें गरिबांस घरें बांधून देणाऱ्या १९४९ च्या कायद्यामागेंही हेच गृहस्थ होते, ही गोष्ट त्यांचे निंदक सांगत नाहींत. आणि स्तुतिपाठकही सांगत नाहींत!

आमच्या मतें त्यांची खरी ओळख १९४६ च्या ऑक्टोबरांत पटते. न्यूरेम्बर्ग येथें नाझी पुढाऱ्यांस फांशीची शिक्षा नुकतीच फर्मावली होती. साऱ्या जगास ती न्याय्य वाटत होती. अमेरिकेंत निवडणूक एका महिन्यावर आली होती. पक्षाचा विजय दिसत होता. शहाण्यानें मौन धरावें अशीच ती वेळ. टॅफ्ट यांनीं ओहायोंतील केनियन कॉलेजांत उभें राहून स्पष्ट सांगितलें कीं, कृत्य घडल्यावर मागाहून केलेल्या कायद्यानें कोणासही शिक्षा करणें हें अमेरिकेच्या राज्यघटनेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, आणि जेत्यानें जितांचा निवाडा केल्यास त्यांत सूड शिरल्यावांचून राहत नाहीं. एकच गिल्ला झाला. विरोधकांनीं त्यांस नाझींचे कैवारी ठरविलें, स्वपक्षीयांनीं हात झटकले. टॅफ्ट यांनीं शब्द मागें घेतला नाहीं. नाझींच्या क्रौर्याविषयीं त्यांस लेशमात्र ममता नव्हती. त्यांचा प्रश्न आरोपींविषयीं नव्हताच, न्यायासनाविषयीं होता. एवढ्या घोर संहारानंतर जुन्या कायद्याचीं कलमें मोजीत बसावें काय, ही शंका आमच्याही मनांतून जात नाहीं. तथापि पुढें कोणी दुसरा जेता याच पायंड्याचा आधार घेईल, हें भय कांहीं खोटें नव्हे.

मात्र त्यांस देव्हाऱ्यांत बसविण्याची घाई नको. पुढें मॅकार्थी यांनीं देशद्रोहाच्या बेछूट आरोपांनीं अनेकांच्या अब्रूवर घाला घातला, तेव्हां त्यास आवरण्याऐवजीं टॅफ्ट यांनीं पाठबळच दिलें. तेथें पुराव्याची चाड कोठें गेली? पक्षहितानें एवढ्या विधिज्ञाचीही दृष्टि मंदावली, हें दुःखानें म्हणावें लागतें.

१९५० सालीं पत्नी मार्था यांस अर्धांगाचा झटका आला. लोकांत रुक्ष म्हणून गाजलेला हा पुरुष त्यानंतर त्यांची शुश्रूषा जातीनें करी. १९५३ च्या जानेवारींत ते सिनेटांत बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. ज्या आयझेनहॉवर यांनीं उमेदवारी हिरावली, त्यांच्याच कारभारास त्यांनीं मनापासून साह्य केलें. पण कर्करोगानें गांठलें आणि ३१ जुलै रोजीं ते निवर्तले.

सिनेटाच्या इतिहासांतील पांच श्रेष्ठ सभासद निवडण्यास बसलेल्या एका समितीनें १९५७ सालीं आपला निर्णय दिला. तिचे अध्यक्ष प्रतिपक्षाचे जॉन केनेडी. त्या पांचांत समितीनें टॅफ्ट यांस घेतलें. केनेडींनीं तर न्यूरेम्बर्गवरील त्या भाषणाची प्रशंसा आपल्या ग्रंथांत आधींच केली होती.