बारा मिनिटांची चाचणी आणि लंबगोल चेंडू

आधी हे दोन प्रश्न सोडवा पाहू. पहिला : २, ६, १२, २०... या मालिकेतील पुढची संख्या कोणती? दुसरा : तीन पेन्सिलींना १२ रुपये पडतात, तर २० रुपयांत किती पेन्सिली येतील? उत्तरे ३० आणि ५. तुमच्यापैकी बहुतेकांना ती चटकन आली असतील, कारण शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ म्हणून असेच प्रश्न असतात. आता तिसरा प्रश्न : ही उत्तरे ज्याला तुमच्याआधी आली, तो कबड्डीही तुमच्यापेक्षा चांगली खेळेल काय?

तुम्ही हसाल. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघ १९७० च्या दशकापासून २०२२ पर्यंत जवळजवळ हाच प्रश्न अगदी गंभीरपणे विचारत होते, आणि त्यांच्या निवडीवर कोट्यवधी डॉलर लागलेले असत. त्याचे उत्तर काय मिळाले, आणि त्यातून तुम्हीआम्ही काय शिकावे, हे आज पाहू या.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू लंबगोल असतो आणि तो मुख्यतः हातांनी फेकला किंवा धरून पळवला जातो. एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानावर असतात. त्यांतील ‘क्वार्टरबॅक’ हा चढाईचा सूत्रधार. चेंडू हातात आला की समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडतात. आपले कोण मोकळे आहे, चेंडू कोठे टाकायचा, हे त्याला साधारण अडीच-तीन सेकंदांत ठरवावे लागते.

तेथील व्यावसायिक महासंघात ३२ संघ आहेत. दरवर्षी हे संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. त्याआधी निवडक खेळाडूंना एकत्र बोलावून त्यांची कसून तपासणी होते. १९८७ पासून ती इंडियानापोलिस शहरात भरते. उंची, वजन, उभी उडी, ४० यार्ड म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर धावण्यास लागणारा वेळ, असे सारे मोजले जाते. याच वेळी खेळाडूच्या हाती एक कागद दिला जाई. तीच ‘वंडरलिक’ चाचणी.

एल्डन वंडरलिक यांनी ही चाचणी १९३० च्या दशकात तयार केली, ती कारखाने आणि कचेऱ्यांतील नोकरभरतीसाठी. तिच्यात शब्दार्थ, अंकगणित, तर्क असे ५० प्रश्न असतात आणि वेळ फक्त १२ मिनिटे. जितकी उत्तरे बरोबर तितके गुण. सर्वसामान्य माणसाला वीस-एकवीस गुण मिळतात. १२ मिनिटे म्हणजे ७२० सेकंद. भागाकार केलात तर एका प्रश्नाच्या वाट्याला १४.४ सेकंद येतात. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

संघांचा विचार वरवर पाहता चुकीचा नव्हता. या खेळात डावपेचांची जाडजूड वही पाठ करावी लागते. मग ज्याची बुद्धी तल्लख, तो डाव लवकर शिकेल आणि मैदानावर अचूक निर्णय घेईल, असे त्यांना वाटले. तुम्हांलाही वाटले असते. पण ‘वाटणे’ आणि ‘असणे’ यांमध्ये विज्ञानाने एक पायरी ठेवलेली आहे. तिचे नाव पडताळा.

आता काही गुण पाहा. हे गुण गुप्त ठेवायचे असत, तरी ते वृत्तपत्रांत फुटत. म्हणून ते थोडे जपूनच घ्यायचे. हार्वर्ड विद्यापीठाच्या पॅट मॅकिनली या खेळाडूला १९७५ मध्ये ५० पैकी ५० गुण पडले. पुढे तो सिनसिनाटीच्या संघाकडून बरीच वर्षे खेळला, पण मुख्यतः चेंडूला लाथ मारून तो दूर धाडण्याचे काम करणारा खेळाडू म्हणून. उलट डॅन मरीनो हा क्वार्टरबॅक पंधरा-सोळा गुणांचा असल्याचे छापून आले. म्हणजे सर्वसामान्य माणसाहूनही कमी. याच मरीनोने १९८४ च्या हंगामात ५,०८४ यार्डांचे फेक पूर्ण केले. एका हंगामात ५,००० यार्डांचा टप्पा तोवर कोणीही ओलांडला नव्हता. टेरी ब्रॅडशॉचे गुणही तेवढेच सांगितले जातात. त्याने पिट्सबर्गच्या संघाला चार वेळा अजिंक्यपद मिळवून दिले.

“झाले तर मग, चाचणी खोटी ठरली!” असे तुम्ही म्हणाल. थांबा. येथेच पुष्कळांची चूक होते. दोन-तीन उदाहरणांनी काहीच सिद्ध होत नाही. आजोबा रोज विडी ओढूनही नव्वद वर्षे जगले म्हणून विडी निरुपद्रवी ठरत नाही. ठळक उदाहरणे आपल्या लक्षात राहतात. कमी गुण मिळून अपयशी ठरलेल्या शेकडो खेळाडूंची नावे कोणी छापत नाही. म्हणून सर्वांचे आकडे एकत्र पाहिले पाहिजेत.

हे काम लायन्स, हॉफमन आणि मिशेल या संशोधकांनी केले. त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या निवडीतील ७६२ खेळाडूंचे चाचणीतील गुण आणि त्यांची मैदानावरील कामगिरी त्यांनी शेजारी शेजारी मांडली. दोहोंत संबंध असा जवळजवळ आढळलाच नाही. दोन जागांवरील खेळाडूंच्या बाबतीत तर कमी गुणवाल्यांचीच कामगिरी काहीशी सरस दिसली!

असे का व्हावे? मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून प्रयोगशाळेतले उदाहरण देतो. एक काचेची गोटी आणि अगदी तेवढीच पोलादी गोळी घ्या. व्हर्निअर कॅलिपरने दोहोंचा व्यास मोजा. तो सारखाच येईल, आणि दहा वेळा मोजलात तरी सारखाच येईल. मापन अचूक आहे. पण त्या मापावरून “दोहोंचे वजनही सारखेच” असे कोणी म्हणाला, तर? तराजू त्याला लगेच खोटे पाडील. दोष कॅलिपरचा नाही. कॅलिपरला न विचारण्याजोगा प्रश्न आपण विचारला, हा दोष आपला आहे.

वंडरलिक चाचणीचे असेच झाले. स्वस्थ बसून, छापील वाक्य वाचून, १४.४ सेकंदांत उत्तर देण्याची क्षमता ती मोजते. क्वार्टरबॅकला वाचायचे असते ते पळणारी माणसे. तेही तीन सेकंदांच्या आत, अंगावर कोणी झेपावत असताना. दोन्हींना आपण ‘डोके चालणे’ असेच म्हणतो. परंतु शब्द एक असला म्हणून वस्तू एक होत नाही. शिवाय हे खेळाडू तपासणीपूर्वी नमुन्याचे प्रश्न सोडवून तयारी करत. तेव्हा त्या गुणांत तयारीचाही वाटा असे.

आता चाचणीच्या बाजूने काय म्हणता येईल, तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. एक आक्षेप असा, की हे खेळाडू आधीच गाळून घेतलेले असतात. तुमच्या शाळेतील पाचवी ते दहावीची सगळी मुले एकत्र पळवा. उंच मुले साधारणपणे पुढे येतील, कारण ती वयाने मोठी. पण जिल्ह्याच्या अंतिम शर्यतीतील आठ धावपटूंत सर्वांत उंच तोच जिंकेल असे नाही. गाळलेल्या गटात मूळचा संबंध पुसट होतो. कमी गुण मिळूनही जो निवडला गेला, तो इतर बाबतींत फारच सरस असणार, म्हणूनही संबंध झाकला जातो. हा मुद्दा बरोबर आहे. पण संघांना निवड करायची होती ती या गाळलेल्यांतूनच! तेथेच चाचणी मुकी राहात असेल, तर त्यांच्या कामाची ती कितीशी?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. नेहमीच्या नोकऱ्यांच्या बाबतीत अशा चाचण्या अगदीच निरुपयोगी नाहीत. दोन गोष्टी किती जोडीने वाढतात हे सांगणाऱ्या आकड्याला ‘सहसंबंध गुणांक’ म्हणतात. मुळीच संबंध नसेल तर तो शून्य, आणि वाढ पूर्ण जोडीने होत असेल तर एक. चाचणीतील गुण आणि कामातील यश यांचा गुणांक १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ०.५१ काढला होता. सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीच आकडेमोड पुन्हा तपासली, तेव्हा तो ०.३१ च्या आसपास आला. या संख्येचा वर्ग करा : ०.०९६. म्हणजे माणसामाणसांच्या कामात जो फरक पडतो, त्याचा सुमारे दहावा हिस्सा चाचणीवरून सांगता येतो. शून्यापेक्षा हे निश्चितच जास्त आहे. पण उरलेले नऊ हिस्से तिच्या हाताबाहेरचे आहेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही याच वंडरलिक चाचणीचा प्रश्न एकदा आला होता. उत्तर कॅरोलिनातील एका वीज कंपनीने चांगल्या जागांसाठी ही आणि आणखी एक चाचणी उत्तीर्ण होण्याची अट घातली. त्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने अडले. गंमत अशी, की ही अट येण्यापूर्वी लागलेले गोरे कामगार चाचणी न देताच तेच काम व्यवस्थित करीत होते. १९७१ मध्ये न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. त्याचा आशय असा, की चाचणीने माणसाची त्या विशिष्ट कामासाठीची पात्रता मोजावी, माणूस म्हणून त्याची किंमत ठरवू नये. कायद्याची भाषा बाजूला ठेवली, तर आमच्या प्रयोगशाळेचा नियमही हाच आहे.

फुटबॉल महासंघाने २०२२ पासून इंडियानापोलिसच्या तपासणीतून ही चाचणी काढून टाकली. मग प्रश्न मिटला का? नाही. संगणकाच्या पडद्यावर क्षणार्धात दिसून जाणाऱ्या आकृती ओळखायच्या, अशा नव्या चाचण्या काही संघ वापरतात. खेळाशी त्यांचे नाते अधिक जवळचे दिसते. पण २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउड या क्वार्टरबॅकचे अशा एका चाचणीतील फारच कमी गुण बाहेर फुटले, आणि त्याच हंगामात चढाईतील सर्वोत्तम नवोदित म्हणून त्याची निवड झाली. फुटलेले आकडे भरवशाचे नव्हते, असे चाचणी घेणाऱ्या कंपनीचेच म्हणणे पडले. एका उदाहरणावरून निकाल द्यायचा नाही, हे आपण ठरवलेच आहे. पण नवे यंत्र आले म्हणून पडताळ्यातून सूट मिळत नाही, एवढे मात्र खरे.

तुम्ही म्हणाल, “सर, अमेरिकेतल्या फुटबॉलचे आम्हांला काय?” सांगतो. मी चौथीत असताना आमच्या गुरुजींनी शिष्यवृत्तीच्या सराव चाचणीतील गुणांप्रमाणे आम्हांला बाकांवर बसवले होते. माझ्या शेजारचा मित्र शेवटच्या बाकावर गेला. तोवर तो वर्गात सतत हात वर करणारा मुलगा होता. पुढे वर्षभर त्याने हात वर केल्याचे मला आठवत नाही. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. कोणाला अधिक सराव हवा, एवढे त्या कागदाने सांगितले होते. आम्ही सर्वांनी, आणि मुख्य म्हणजे त्या मुलाने, त्यातून ‘कोण हुशार, कोण ढ’ असे वाचले. पुढच्या बाकावर बसून मीही तेच वाचले, याची आज खंत वाटते.

आणि ज्यांच्यापासून या चाचण्या सुरू झाल्या, त्या आल्फ्रेड बिने यांचा हेतू पाहा. त्यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये, सिमाँ यांच्या साहाय्याने, पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून. बुद्धी म्हणजे कायमची ठरून गेलेली रक्कम, असे मानण्यास त्यांचा विरोध होता. व्ही. व्ही. कामत यांनी या चाचण्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवल्या आणि त्यांवरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. म्हणजे हे साधन आपल्याकडेही जुनेच आहे. ते फेकून द्या असे मी म्हणत नाही. कॅलिपर कोणी फेकून देते का? माझे म्हणणे इतकेच, की कोणताही गुण हाती आला की तीन प्रश्न विचारावेत : याने नेमके काय मोजले? त्यावरून कोणते भाकीत केले जात आहे? आणि ते भाकीत खरे ठरते की नाही, हे कोणी तपासले आहे काय?

सुटीत एक प्रयोग करून पाहा. वर्गातील वीसएक मुलांना असेच २० प्रश्न ५ मिनिटांत सोडवायला द्या. मग त्याच मुलांचे कॅरमचे सामने लावा. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर चाचणीचे गुण आणि उभ्या अक्षावर जिंकलेले डाव घेऊन प्रत्येक मुलासाठी एक ठिपका मांडा. नावे मात्र लिहू नका. ठिपके एका रेषेजवळ येतात की कागदभर विखुरतात, ते पाहा. मुले थोडी असल्यामुळे तुमचे उत्तर शेवटचे नसेल. पण कोणाच्याही अंगावर आकडा चिकटवण्यापूर्वी तुम्ही एकदा तरी पडताळा घेतलेला असेल; आणि इतके मोठे संघ इतकी वर्षे जे करायला हवे होते, ते याहून फारसे निराळे नव्हते.