मोटारीला दंड, खोलीला माफी

१० एप्रिल २०२० हा गुड फ्रायडेचा दिवस. मेलबर्नच्या प्रेस्टन या उपनगरात ‘मंत्रा’ नावाच्या हॉटेलाभोवती काही मोटारी हॉर्न वाजवत घिरट्या घालत होत्या. काचांवर घोषणांचे कागद चिकटवलेले, आंदोलक आपापल्या गाडीतच बसलेले. ना मोर्चा, ना सभा, ना खांद्याला खांदा. करोनाच्या काळात निदर्शने करायची तर याहून सोवळा प्रकार सुचणे कठीण. तरीही व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी २६ जणांना प्रत्येकी १,६५२ डॉलरचा दंड ठोकला. बेरीज जवळजवळ ४३ हजार डॉलर. चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली एका संयोजकाला तर पोलिसांनी त्याच्या घरूनच उचलले. घराबाहेर पडण्यास त्या वेळी चारच कारणे मान्य होती: किराणा, औषधोपचार वा कोणाची शुश्रूषा, व्यायाम आणि नोकरी-शिक्षण. दुसऱ्यासाठी ओरडणे हे पाचवे कारण काही यादीत नव्हते.

आता हॉटेलाच्या आत पाहू. तिथे साठ-पासष्ट पुरुष कोंडलेले होते. बहुतेकांना खोली दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावी लागे, जेवण सगळ्यांचे एकत्र, आणि दिवसरात्र पाळीपाळीने बदलणारे रखवालदार. हे रखवालदार शहरातून येत आणि शहरात परत जात. कोंडलेल्यांची अंगझडतीही तेच घेत. दीड मीटरचे अंतर ठेवा, असे पंतप्रधान रोज दूरचित्रवाणीवर सांगत होते. इथे अंतर ठेवायचे तर माणसाने भिंतीतच शिरायला हवे होते. ब्रिस्बेनच्या कँगारू पॉइंट भागात अशाच एका हॉटेलातला एक रखवालदार मार्चमध्ये बाधित निघाला होता, म्हणजे धोका कागदावरचा नव्हता. हजाराहून अधिक डॉक्टरांनी या लोकांना तिथून हलवा म्हणून सरकारला लिहून कळवले होते. मोटारवाले मागत होते तेही एवढेच.

ही माणसे हॉटेलात आली कशी, हे सांगितल्याशिवाय या प्रकरणातला निलाजरेपणा कळायचा नाही. इराण, अफगाणिस्तान, श्रीलंका, सुदान अशा देशांतून बोटीने आलेले हे लोक. जुलै २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाने जाहीर केले की बोटीने येणाऱ्या कोणालाही, तो खरा निर्वासित ठरला तरी, या देशात वसू देणार नाही. मग त्यांना पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर आणि नाउरूवर नेऊन ठेवले. तिथे वर्षांमागून वर्षे गेली, शरीरे आणि मने दोन्ही मोडली. २०१९ च्या सुरुवातीला विरोधकांनी आणि अपक्षांनी मिळून, सरकार नको म्हणत असताना, एक कायदा मंजूर करून घेतला: दोन डॉक्टरांनी शिफारस केली तर आजाऱ्याला उपचारासाठी मुख्य भूमीवर आणावे. वर्ष सरायच्या आत, डिसेंबरमध्ये सरकारने तो कायदा रद्दही करून टाकला. मधल्या काळात जे आले त्यांतले बरेच जण या हॉटेलांत अडकले. थोडक्यात, हे रुग्ण होते. कोणी दम्याचा, कोणी मधुमेहाचा, कोणी मनाने खचलेला. साथ आली तेव्हा ज्यांना सर्वांत आधी जपायचे, तेच सर्वांत दाटीत.

पोलिसांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आज यांना सोडले तर उद्या प्रत्येक जण आपले कारण घेऊन रस्त्यावर येईल, हा मुद्दा साथीच्या पहिल्या महिन्यात कोणालाही पटावा असा आहे. पण नियम विषाणूसाठी केला असेल तर तो विषाणू जिथे पसरेल तिथे आधी लागायला हवा. बंद मोटारीतून दुसऱ्या बंद मोटारीत करोना जात नाही. जेवणघरातून मात्र जातो. राज्याच्या पोलिसांनी मोटारी मोजल्या, केंद्राच्या गृहखात्याने खोल्या मोजल्या नाहीत, आणि दोघांनीही आपापले काम चोख केल्याचे समाधान मानले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय!

पुढची कथा आणखी वाईट आहे. डिसेंबर २०२० मध्ये या लोकांना प्रेस्टनमधून हलवून शहराच्या मध्यभागाजवळच्या कार्लटन भागातल्या ‘पार्क हॉटेल’मध्ये नेले. हे हॉटेल पूर्वी ‘रिजेस’ नावाने चालत असे, आणि परदेशातून येणाऱ्यांच्या विलगीकरणासाठी ते वापरले गेले होते. मेलबर्नला महिनोन्‌महिने टाळेबंदीत बसवणाऱ्या दुसऱ्या लाटेतल्या सुमारे ९० टक्के रुग्णांचा माग चौकशी आयोगाला याच एका हॉटेलापर्यंत लागला. आयोगाचा अंतिम अहवाल आला तो महिनाही हाच, डिसेंबर २०२०. विषाणू हॉटेलातून बाहेर कसा पडतो हे सरकारच्या टेबलावर छापील पडलेले असताना त्याच इमारतीत आजारी माणसे भरली गेली. तिथल्या खिडक्या उघडत नसत. ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हायचे तेच झाले: तिथल्या ४०-५० जणांपैकी सुमारे निम्मे बाधित झाले. दीड वर्षापूर्वी मोटारींच्या काचांवर जे लिहिले होते, तेच आता खरे ठरले होते. पण दंड एकाही अधिकाऱ्याला झाल्याचे कोणी ऐकले नाही.

आपल्याकडे या पार्क हॉटेलचे नाव पोहोचले ते जानेवारी २०२२ मध्ये, नोवाक जोकोविचमुळे. लस न घेतलेल्या या टेनिसपटूला व्हिसाच्या वादात काही रात्री तिथे काढाव्या लागल्या. जगभरचे कॅमेरे दारात उभे राहिले, अन्नात अळ्या निघाल्याच्या बातम्या झाल्या, आणि वरच्या मजल्यांवर वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे खिडकीला कागद लावून आपणही इथेच आहोत असे सांगू लागली. जोकोविचची सुटका, पुन्हा अटक आणि हकालपट्टी हे सारे पंधरवड्याच्या आत उरकले. कॅमेरेही त्याच्या मागोमाग निघून गेले. आम्हीही तेव्हा टेनिसच वाचत होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या प्रकरणात नजरेआड होऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये यांपैकी काही डझन जणांना अचानक सोडून दिले गेले. का सोडले, असे विचारल्यावर तत्कालीन गृहमंत्री पीटर डटन यांनी रेडिओवर कारण सांगितले: कोंडून ठेवण्यापेक्षा बाहेर राहू देणे स्वस्त पडते. डॉक्टरांच्या पत्राने जे जमले नाही, ते हिशेबाच्या वहीने केले. पण मग हाच हिशेब एप्रिल २०२० मध्ये का मांडला नाही? तेव्हाही खोल्यांचे भाडे तेवढेच होते. रखवालदारांचा पगारही होताच. आणि मोटारवाल्यांची मागणी मान्य करायला खजिन्यातून एक सेंटही जादा लागला नसता.

पार्क हॉटेलमधले शेवटचे निर्वासित एप्रिल २०२२ मध्ये, सार्वत्रिक निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर बाहेर पडले. हातात होता तात्पुरता व्हिसा. ऑस्ट्रेलियात कायमचे राहण्याची मुभा त्यात नव्हती.