सुईने कॅन्सर पसरत नाही

‘गाठीला सुई लावू नका, लावली की ती भडकते.’ फुप्फुसाच्या कॅन्सरची शंका आली की हा सल्ला घरात येतोच. सोबत दाखलाही असतो: अमक्याची बायोप्सी झाली आणि चार महिन्यांत तो गेला. घडलेलं खरं, काढलेला अर्थ चुकीचा. फुप्फुसाच्या आत वेदना फारशी जाणवत नाही, त्यामुळे गाठ बराच काळ गुपचूप वाढते. थुंकीतून रक्त पडेपर्यंत किंवा वजन उतरेपर्यंत अनेकांचा आजार आधीच पसरलेला असतो. सुई लागते ती त्यानंतर, आणि दोष मात्र तिच्या माथी येतो.

सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण अत्यंत विरळ. खरी जोखीम फुप्फुसाभोवती हवा साठण्याची किंवा रक्तस्रावाची असते. म्हणूनच रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवतात.

तपासणी टाळण्याची किंमत याहून कितीतरी मोठी आहे. एक्सरेवरचा डाग क्षयाचा की कॅन्सरचा, हे नुसतं पाहून नेहमी सांगता येत नाही. आपल्याकडे क्षय इतका आहे की थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी काही वेळा क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि मोलाचे महिने हातचे जातात. विडी-सिगारेट न ओढणारे तर कॅन्सरची शंकाच घेत नाहीत. तंबाखूचा धूर हे सर्वांत मोठं कारण आहेच, पण कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा आजार होतो.

बायोप्सीतला तुकडा आता केवळ ‘कॅन्सर आहे’ एवढंच सांगत नाही. २००४ मध्ये ईजीएफआर जनुकातले बदल उलगडले, २००७ मध्ये एएलके जनुकातला दोष सापडला, आणि ते दोष हेरणाऱ्या गोळ्या आल्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ईजीएफआरमध्ये बदल असलेल्या, आजार पुढे गेलेल्या ३५० रुग्णांवर चाचणी केली. नुसत्या गेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, गोळीला केमोची जोड दिल्यावर १६ महिने. दुष्परिणाम वाढले, हेही खरं. पण जनुकाची तपासणीच झाली नसती, तर यातला एकही रुग्ण या उपचारापर्यंत पोहोचला नसता.

रक्तातूनही हे जनुकदोष शोधता येतात, मात्र रक्तात काही सापडलं नाही म्हणून दोष नाहीच, असं ठरत नाही. म्हणून तुकडा पुरेसा हवा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना नातेवाइकांनी रिपोर्टबरोबर प्रयोगशाळेतून तुकडा जतन केलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात. पुढची जनुकचाचणी अनेकदा त्याच ब्लॉकवर होते आणि सुई पुन्हा टोचावी लागत नाही.