झोक्याचं पेटंट आणि तीन प्रश्न



झोका कसा घ्यायचा याचंही पेटंट असू शकतं, असं वर्गात सांगून बघा. मुलं खो खो हसतील. पण अमेरिकेत २००२ साली ते खरंच दिलं गेलं. अर्ज पाच वर्षांच्या एका मुलाच्या नावे; वडील स्वतः पेटंटचे वकील! बसल्या बसल्या एकेक साखळी आळीपाळीने ओढायची आणि पुढे-मागे न जाता डावी-उजवीकडे झुलायचं, एवढीच ती पद्धत. २००३ मध्ये फेरतपासणी झाली आणि पेटंट रद्द झालं.

ऑस्ट्रेलियात तर २००१ साली मेलबर्नच्या एका वकिलाने चक्क चाकाचं पेटंट मिळवलं. कागदावर नाव मात्र भारदस्त, 'वर्तुळाकार वाहतूक सुलभ करणारे उपकरण'. नव्या झटपट पद्धतीत अर्ज नीट तपासले जात नाहीत, हे त्याला दाखवून द्यायचं होतं.

हे किस्से मुलांना जरूर सांगा. पण हसण्यावर तास संपवू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पेटंट, म्हणजेच एकस्व, हे हुशारीचं बक्षीस नव्हे. तो एक व्यवहार आहे. शोध कसा चालतो ते शोधकाने सर्वांसाठी लिहून द्यायचं. बदल्यात साधारण वीस वर्षं इतरांनी तो परवानगीशिवाय वापरायचा नाही. म्हणूनच आधी तीन प्रश्न विचारतात. हे नवं आहे का? त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं ना? आणि उपयोगाचं आहे का?

हे प्रश्न नीट विचारले नाहीत तर काय होतं? १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं! पण 'आमच्या घरी लावतात' एवढं सांगून भागत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले, तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते रद्द झालं.

आता आपल्या विज्ञान प्रदर्शनाकडे बघा. दरवर्षी तोच ज्वालामुखी, बरंचसं काम आई-बाबांचं आणि शेवटी प्रमाणपत्र. उलट एखाद्या मुलीने 'दप्तरालाच छत्री लावली तर?' असं विचारलं, की आपण 'काहीतरीच काय!' म्हणून मोकळे होतो. जुन्याला शिक्का आणि नव्याला हसू, हा कुठला न्याय?

त्यापेक्षा प्रत्येक मुलाला आपली एक कल्पना पानभर लिहू द्या. वाचून दुसऱ्याला ती वस्तू करता आली पाहिजे, एवढीच अट. मग वर्गानेच ते तीन प्रश्न विचारावेत. पालकहो, तुम्ही फक्त साहित्य द्या, हात लावू नका. एखाद्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तरी बिघडत नाही. ते का आलं, हे मूल स्वतः शोधेल. प्रमाणपत्रापेक्षा ही सवय त्याला जास्त दिवस पुरेल.