नांव राखणारें घर

उकुलेले हें नांव आतां आपल्याकडील मुलांच्याही तोंडीं ऐकूं येतें. चार तारांचें, जेमतेम सव्वा हात लांबीचें, गिटारचें धाकटें भावंड शोभावें असें हें वाद्य पाहून पुष्कळांस तें खेळणेंच वाटतें. परंतु त्याच्या माथ्यावर कोणाचें नांव कोरावें ह्यावरून जी ओढाताण झाली, ती एखाद्या घराण्यांतील वाटणीच्या तंट्याहून कमी रंजक नाहीं.

हें वाद्य पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांचें खरें, पण त्याचें बीज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरचें. १८७९च्या ऑगस्टमध्यें 'रेव्हन्सक्रॅग' नांवाचें जहाज चारशेंहून अधिक मदैरावासी घेऊन होनोलुलूच्या बंदरास लागलें. उंसाच्या मळ्यांत मजुरी करण्याच्या करारावर आलेल्या ह्या मंडळींत मॅन्युएल नुनिश, ऑगुस्तो दियश आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतार होते. रंध्यावर बसलेला हात उंसाच्या मळ्यांत कितीसा रमणार? यथावकाश तिघांनींही शहरांत दुकानें थाटलीं आणि आपल्या गांवचें 'मशेत' नांवाचें लहानसें वाद्य ते तेथील कोआच्या लाकडांत घडवूं लागले. कोआ हा वृक्ष आपल्या बाभळीच्या गणगोतांतला. मात्र त्याच्या लाकडावर सोनेरी-तांबूस रेषांची अशी कांहीं झळाळी असते कीं, नजर ठरत नाहीं. राजा कलाकौआ ह्यानें वाद्यास दरबारीं मान दिला. लोकांनीं त्याचें बारसें केलें तें 'उड्या मारणारी पिसू' अशा अर्थाच्या शब्दानें! राणी लिलिउओकलानी त्याच शब्दाची फोड 'येथें आलेली देणगी' अशी करी. राजघराण्यास शोभेसा अर्थ तो हाच.

सांतो १९०५मध्यें व दियश १९१५मध्यें निवर्तला. नुनिश १९२२पर्यंत जगला, आणि त्याच्या दुकानच्या चिठ्ठीवर उकुलेलेचा जनक म्हणून त्याचेंच नांव झळकत असे. मूल तिघांचें, आणि पाळण्याची दोरी एकाच्या हातीं!

१९१५मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें मोठें प्रदर्शन भरलें. तेथें हवाईच्या मंडपांतील गाणें-बजावणें ऐकून सगळी अमेरिका उकुलेलेच्या नादीं लागली. शिकागोच्या कारखान्यांतून हवाईचा वारा न लागलेलीं हवाई वाद्यें धडाधड बाहेर पडूं लागलीं. होनोलुलूच्या कारागिरांनीं चिडून अस्सल मालावर 'टाबू', म्हणजे निषिद्ध, असा शिक्का मारण्यास सुरुवात केली. पण शिक्क्यानें चोर थांबत नसतो. आणि खुद्द नुनिशचा मुलगा लिओनार्डो लॉस एंजेलिसमध्यें दुकान मांडून आपल्या वाद्यांस 'उकुलेले ओ हवाई' म्हणत होता, तेथें इतरांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा? सगळेच परके नकल्ये होते असेंही नाहीं. पेन्सिल्व्हानियांतील मार्टिन हें जुनें गिटार घराणें १९०७मध्यें प्रथम उकुलेले करूं गेलें तें फसलें. गिटारच्या संवयीनें आंतून इतक्या पट्ट्या दिल्या कीं, वाद्याचा आवाजच कोंडला. नऊ वर्षांनीं त्यांनीं महोगनींत हलक्या हातानें तें पुन्हां केलें, आणि त्या वाद्यांस आजही जाणकार जपतात. चूक कबूल करणारा कारागीर मला तरी दावेदारापेक्षां मोठा वाटतो.

पण मला सांगावयाचें आहे तें दुसऱ्याच घराविषयीं. नुनिशच्या हाताखालीं शिकलेल्या सॅम्युएल कामाका ह्यानें १९१६मध्यें होनोलुलूंत घराच्या तळघरांत काम मांडलें. कंबर नसलेलें, अननसाच्या आकाराचें उकुलेले हें त्याचें अपत्य. १९२८मध्यें त्यानें त्याचा हक्क नोंदविला. मुलांस त्याची ताकीद असे कीं, घराण्याचें नांव लावून वाद्य कराल तर टाकाऊ करूं नका.

ह्या ताकिदीची कसोटी लौकरच लागली. १९४९मध्यें मारिओ माकाफेरी ह्या इटालियन कारागिरानें प्लास्टिकचें उकुलेले सहा डॉलरांच्या आंत बाजारांत आणलें, आणि तें लाखांनीं खपलें. कोआ तासून, वाकवून, महिनोगणती सुकवून वाद्य करणाऱ्यांनीं पोट कशावर भरावें? अशा काळांत, १९५३मध्यें, सॅम्युएल वारला. थोरला मुलगा सॅम ज्युनिअर तेव्हां ओरेगॉनमध्यें कीटकशास्त्रांत डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. तो पदवी अर्धवट टाकून घरीं परतला! आपल्या घरांत मुलानें असें कांहीं केलें असतें तर चार दिवस चूल पेटली नसती, हें मीही मान्य करतों. धाकटा फ्रेड सैन्यांतून निवृत्त होऊन १९७२मध्यें हिशेब सांभाळावयास आला. पुढें त्यांचीं मुलें व नातवंडें त्याच कामांत शिरलीं. २०१६मध्यें ह्या घराण्याच्या धंद्यास शंभर वर्षें झालीं. स्वस्त उकुलेले आतां चीन-इंडोनेशियांतून जगभर जातात, आणि शिकणाऱ्या पोराच्या हातीं तेंच द्यावें, ह्यांत गैर कांहीं नाहीं.

कामाकांच्या कारखान्यांत एक गोष्ट मात्र कोठल्याही यंत्रास न साधणारी आहे. सॅमच्या पत्नीचा व्यवसाय अपंगांस कामाच्या द्वारें सावरण्याचा. तिच्या प्रयत्नानें तेथें कर्णबधिर माणसें कामास लागलीं. फळी पुरेशी पातळ झाली कीं नाहीं, हें तीं टिचकी मारून बोटांच्या टोकांस जाणवणाऱ्या कंपावरून ओळखीत. आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.