केंड्रिक चालतो, मग वामनदादा का चालत नाहीत?

केंड्रिक लमार आवडणं हे मिहानमध्ये चांगल्या टेस्टचं लक्षण मानतात. वामनदादा कर्डक आवडतात असं म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो, तुमचा चेहरा वाचतो आणि विषय बदलतो. मला त्या थांबण्याशी भांडायचं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंदोऱ्यात वाढलो. रोज मेट्रोच्या ऑरेंज लाइनने इंदोरा चौकातून खापरीला जातो आणि तिथून शेअर ऑटोने ऑफिस गाठतो. डब्यात माझ्यासारखे बरेच असतात: गळ्यात आयडी कार्ड, कानात इअरबड्स. आमची पिढी काळ्या माणसांच्या संगीतावर वाढली आहे. रात्रीच्या डिप्लॉयमेंटला जागं राहायला हिप-हॉप, वीकेंडला जॅझ, ब्रेकअप झालं की ब्लूज. 2 जून 2020 ला, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर आठवड्याभराने, इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकायची लाट आली, तेव्हा माझ्या कॉलेजच्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी तो टाकला. चांगलं केलं. त्यात मला काहीच खोटं वाटत नाही.

पण त्याच बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर 14 एप्रिलला एक ठरलेला मेसेज येतो: ‘सुरू झाला बे यांचा धांगडधिंगा.’ आणि ऑफिसच्या कॅबमध्ये कोणी ब्लूटूथवर भीमगीत लावलं तर मागच्या सीटवरून हसत हसत प्रश्न येतो, ‘काहून हे कास्टचं लावून राहिला?’

अटलांटाच्या रॅपरने आपल्या वस्तीवर गायलं तर ती ‘रिअल आर्ट’. नाशिक जिल्ह्यातल्या शाहिराने आपल्या वस्तीवर गायलं तर ते ‘कास्टचं’. हा आवडीनिवडीचा मामला आहे असं मला कोणी सांगू नये. ही भूमिका आहे, आणि ती न बोलता घेतलेली आहे म्हणून जास्त घट्ट आहे.

आधी तिकडचं बघू, कारण तिकडचं तुम्हाला मान्य आहे. बिली हॉलिडेने 1939 मध्ये ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायलं. झाडाला लटकवून मारलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते रेकॉर्ड करायला नकार दिला, एका छोट्या कंपनीने ते काढलं. सप्टेंबर 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या, आणि नीना सिमोनने चिडून ‘मिसिसिपी गॉडॅम’ लिहिलं. दक्षिणेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. 2015 मध्ये केंड्रिकचं ‘ऑलराइट’ पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या पोरांची घोषणा झालं. त्याच केंड्रिकला 2018 मध्ये पुलित्झर मिळालं. आज जे गाणं आपल्याला अभिजात वाटतं, ते त्या काळी कोणाला तरी ‘यांचा धांगडधिंगा’च वाटत होतं.

आणि एक गाणं तर तुम्ही स्वतः गायलं आहे. ‘हम होंगे कामयाब’. शाळेत 26 जानेवारीला हातात हात धरून. त्याचं मूळ ‘वी शॅल ओव्हरकम’. चर्चमधल्या प्रार्थनेतून निघालेलं ते गाणं 1945 च्या सुमारास चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपावर बसलेल्या काळ्या कामगार बायांनी उचललं. पुढे 1960 नंतर विद्यार्थी चळवळीने ते रस्त्यावर आणि तुरुंगात नेलं. गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणलं. आपल्या शाळेत आलं तेव्हा मात्र कोण, कशावर आणि कोणाच्या विरोधात ‘कामयाब’ होणार आहे, ते गळून पडलं होतं. गाणं आपल्याला एवढ्याच अटीवर चालतं: त्यातला भांडणारा माणूस दिसता कामा नये, किंवा तो खूप लांबचा असला पाहिजे.

आता जवळ या. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम. पुढे 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे देत असलेल्या निवेदनाची प्रत मागितली. डू बॉइस यांनी उत्तरही दिलं. या डू बॉइसचं 1903 मधलं ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ उघडून पाहा. जवळपास प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर गुलामांच्या गाण्यांच्या सुरावटी छापल्या आहेत, आणि शेवटचं प्रकरण त्या गाण्यांवरच आहे. समाजशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक सांगत होता की या लोकांचा इतिहास वाचायचा तर आधी ही गाणी ऐका.

आपल्याकडे हे काम जलशाने केलं. सत्यशोधक जलशांची वाट आधीपासून होती. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी त्या वाटेवर आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा घेतला आणि त्यात चळवळ भरली. तिकडे नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह चाललेला, आणि गावातल्या माणसाला अक्षर वाचता येत नाही. त्याच्यापर्यंत बातमी कशी पोचणार? रात्री, चौकात, ढोलकीवर. सभा, पुणे करार, शाळा, पाणी, मेलेलं ढोर न ओढणं, सगळं गाण्यातून आणि बतावणीतून गेलं. आपल्या दहा भाषणांचं काम एक जलसा करतो, असं खुद्द बाबासाहेब म्हणत, असं शाहीर मंडळी आजही सांगतात.

आपल्या भाषेत बोलायचं तर जलसा चळवळीची यूआय नव्हता. तो तिचा नेटवर्क लेयर होता. तो काढला असता तर वर काहीच चाललं नसतं.

15 ऑगस्ट 1922 ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा याच परंपरेतले. अक्षरं शिकले तेच मोठेपणी. नंतर हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव फिरून गायली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. त्या लोकांच्या घरातले जुने देव गेले, जुनी भजनं गेली. त्या रिकाम्या जागी काय आलं? पाळण्यापासून लग्नापर्यंत, मरणापर्यंत, नवी गाणी आली. एका समाजाने स्वतःचं सगळं गाणं एका पिढीत बदललं. असं जगात फार ठिकाणी घडलेलं नाही, आणि ज्या शहरात त्याची सुरुवात झाली त्याच शहरात आपण लॅपटॉप उघडून बसतो.

या मुद्द्यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: आवाज. ‘आम्हाला गाण्याचा नाही, डीजेचा त्रास आहे.’ मान्य. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली जावी. म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडते तेव्हा ती कोणाची मिरवणूक आहे हे विचारत नाही. पण मग गणपती विसर्जनाच्या, लग्नाच्या वरातीच्या आणि मॅच जिंकल्याच्या रात्रीही ग्रुपवर तोच मेसेज टाका. तेव्हा तुमच्या मोबाइलमधलं डेसिबल मीटर बंद असतं. ‘झुंड’मधली आंबेडकर जयंती तुम्ही मल्टिप्लेक्सच्या स्पीकरवर पॉपकॉर्न खात पाहिली, तेव्हाही कान दुखले नव्हते.

दुसरं: दर्जा. ‘सिनेमाच्या चाली उचलतात, त्यात कला काय?’ 1973 मध्ये ब्राँक्समधल्या एका पार्टीत डीजे कूल हर्कने दुसऱ्यांच्याच रेकॉर्डचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवले, आणि त्यातून अख्खं हिप-हॉप निघालं. तिकडे त्याला सॅम्पलिंग म्हणून दाद देता, इकडे तेच केलं की चोरी. ज्याच्याकडे स्टुडिओ नाही, वाद्यवृंद नाही, तो लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल घेतो, कारण त्याला शब्द पोचवायचे असतात. कडुबाई खरातांकडे एकतारी होती आणि आवाज होता. यूट्यूबवर त्यांना लोकांनी शोधून ऐकलं, कुठल्याही लेबलने त्यांना लाँच केलं नव्हतं.

तिसरं: ‘कला राजकारणाच्या वर असावी.’ हे महाराष्ट्रात बसून बोलावं, याचं मला खरंच नवल वाटतं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी डफावर थाप मारून संयुक्त महाराष्ट्र गावागावात नेला. 1 मे 1960 ला राज्य मिळालं, आणि दर 1 मेला आपण त्या शाहिरीचा अभिमान मिरवतो. म्हणजे भाषेसाठी गायलं तर अस्मिता, आणि पाण्यासाठी, माणूसपणासाठी गायलं तर राजकारण?

एक फरक मात्र मी स्वतःहून मांडतो, कारण तो या सगळ्याच्या मुळाशी आहे. वंश आणि जात एकच नाहीत. काळ्या माणसाची कातडी लांबून दिसते. जात दिसत नाही, ती शोधावी लागते. आडनाव विचारून, वस्ती विचारून, डबा बघून. आणि गाणं ऐकून. म्हणून आपल्याकडे गाणं लावणं म्हणजे स्वतःची ओळख जाहीर करणं होतं. मे 2015 मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइल वाजला, रिंगटोन भीमगीताची होती आणि तिथून वाद सुरू झाला, अशी फिर्याद होती. एका रिंगटोनची किंमत जिथे जीव असू शकते, तिथे ‘मला ते म्युझिक जमत नाही’ हे वाक्य मी नुसतं आवडीचं वाक्य म्हणून ऐकू शकत नाही.

मिहानच्या काचेच्या इमारतीत कोणी कोणाला मारत नाही. तिथे फक्त फोन व्हायब्रेटवर जातो. माझ्या ओळखीचे कितीतरी जण भीमगीतं इअरबड्समध्ये ऐकतात आणि टीम लंचला स्पीकरवर इंग्रजी रॅप लावतात. पगार वाढतो तसा हा आवाज कमी होत जातो. अप्रेझल जवळ आलं की आणखी कमी. तुम्हाला वाटतं तुमच्या ऑफिसात जात नाही. ती नाही, कारण आम्ही ती म्यूट करून ठेवली आहे. ते आमचं सौजन्य आहे, तुमची समता नाही.

माझं आपल्या माणसांशीही एक भांडण आहे. बेस इतका वाढवला आहे की शब्द ऐकू येत नाहीत. वामनदादांनी लिहिलेल्या ओळीवर नुसता ठेका नाचत असेल, तर नेटवर्क चालू आहे आणि डेटा शून्य. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा जिवंत शाहिराच्या कार्यक्रमाला द्या. अमरावतीचा विपिन तातड वऱ्हाडी बोलीत रॅप करतो, चेन्नईत पा. रंजितने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभा केला. ही पोरं हार्लेम आणि जलसा दोन्ही खांद्यावर घेऊन उभी आहेत. त्यांना डीजेच्या भिंतीमागे ढकलू नका.

बाकीच्यांकडे माझी मागणी साधी आहे. काळा चौकोन टाकला होता ना? मग त्याचं देणं आहे. नीना सिमोन ऐकताना तुम्ही तिचा राग समजून घेता, तिच्या बाजूने उभे राहता, तिला ‘हे रेसचं काहून गाते’ असं विचारत नाही. तेवढंच इथे करा. वामनदादांचं एक गाणं, जुन्या रेकॉर्डिंगमधलं, हेडफोन लावून शब्द कळेपर्यंत ऐका. तुमची भाषा आहे, सबटायटल लागणार नाहीत. आवडलं नाही तर नाही म्हणा, पण गाणं ऐकून म्हणा, आडनाव ऐकून नको. आणि पुढच्या वेळी कॅबमध्ये कोणी ते लावलं, तर मागच्या सीटवरून एवढंच विचारा, ‘भाऊ, कोणाचं आहे हे? जरा वाढव ना आवाज.’