गंज एकदा पोरांच्या हातात देऊन बघा



‘लोखंड गंजू नये म्हणून काय कराल?’ हा प्रश्न सहावी-सातवीच्या कुठल्याही मुलाला विचारा. उत्तर तोंडपाठ येतं. रंग लावावा, तेल लावावं, जस्ताचा मुलामा द्यावा. तीन मुद्दे, तीन गुण. आणि हेच उत्तर लिहिणाऱ्या मुलाची सायकल शाळेच्या भिंतीला टेकून पावसात भिजत उभी असते. चेन तांबडी झालेली, पायडल मारलं की करकर आवाज. उत्तर वहीत, गंज सायकलवर, आणि या दोघांची गाठ कधी पडतच नाही.

ही गाठ पाडून द्यायला शाळेत प्रयोगशाळा असावी लागत नाही. ५० रुपयांच्या आसपास मिळणारी पांढऱ्या व्हिनेगरची बाटली पुरते. चायनीजच्या गाडीवर मिरच्या ज्यात बुडवलेल्या असतात, तेच हे. गंजाचा पाठ गंज काढून शिकवावा, आणि तो मुलांच्या स्वतःच्या घरच्या वस्तूंवर शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. फळ्यावर तीन परीक्षानळ्यांची आकृती काढून शिकवलेला गंज परीक्षेपर्यंतच टिकतो.

आधी कृती सांगते, मग भांडणाचा मुद्दा. मुलांना घरातून एक लहान, गंजलेली, धार नसलेली लोखंडी वस्तू आणायला सांगा. नट-बोल्ट, बिजागरी, जुनी किल्ली, साखळीचा तुकडा, सायकलचा पाना. माती आणि तेलकटपणा साबणाने धुऊन काढायचा, कारण तेलाच्या थराखाली आम्ल पोचत नाही. मग काचेच्या बरणीत वस्तू पूर्ण बुडेल एवढं व्हिनेगर. झाकण घट्ट लावू नका, नुसतं वर ठेवा. गंज वरवरचा असेल तर दोन-चार तास, जाड असेल तर रात्रभर. दुसऱ्या दिवशी काथ्याने किंवा जुन्या दातांच्या ब्रशने घासलं की काळपट चिखलासारखं सुटून येतं आणि खाली राखाडी धातू दिसतो. वर्गात त्या क्षणी जो आवाज होतो ना, तो तुम्हाला कुठल्याही पीपीटीवर ऐकू येणार नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. धुतलेली वस्तू तशीच ओली ठेवली तर तिच्यावर डोळ्यांदेखत नारिंगी झाक येऊ लागते. तासाभरात चांगलीच दिसते. उघडा पडलेला ताजा धातू, वर पाणी, भोवती हवा. गंजाला आणखी काय हवं? म्हणून मी दोन सारखे बोल्ट घेते. एक पाण्याने धुऊन तसाच ठेवायचा. दुसरा खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचा म्हणजे उरलेलं आम्ल मारलं जातं, मग लगेच कोरडा पुसून उन्हात ठेवायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. शाळा सुटायच्या आत दोघांतला फरक मुलं स्वतः सांगतात. ‘तेल लावावं’ हा मुद्दा क्रमांक दोन तेव्हा कुठे कळतो.

आणि मग एक प्रश्न येतोच येतो. ‘बाई, गंज गेला म्हणजे लोखंड परत आलं का?’

या प्रश्नासाठी एक तासिका गेली तरी जाऊ द्या. लोखंड परत येत नाही. लोखंडाचा जो भाग हवेतल्या ऑक्सिजनशी आणि पाण्याशी संयोग पावून गंज झाला, तो गेला तो गेला. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल, जे बाटलीत साधारण ४ ते ५ टक्के असतं, फक्त तो गंज विरघळवतं आणि सैल करतं. जिथे गंजाने खोल खड्डे पाडलेत तिथे खड्डेच राहतात. उलट वस्तू गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवली तर आम्ल चांगल्या लोखंडालाही लागतं. बारीक बुडबुडे येताना दिसतात तो हायड्रोजन. म्हणजे एकाच बरणीत रासायनिक बदल, आम्लाचे गुणधर्म आणि ‘मूळ पदार्थ परत मिळत नाही’ हे वाक्य, तिन्ही दिसतात. पुस्तकात ती तीन वेगळ्या पानांवर असतात.

आमच्याकडे एका मुलीने आजीचा अडकित्ता आणला होता. पार जाम झालेला. मोबाइलवर बघून घरच्यांनी त्यावर सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून पाहिलं होतं, भरपूर फेस आला आणि गंज जागच्या जागी. असे व्हिडिओ तुमच्याही गटात फिरत असतील. फेस पाहून वाटतं, काय जोरदार काम चाललंय! पण आम्लारी आणि आम्ल एकमेकांनाच संपवतात, उरतं ते बहुतेक पाणी आणि थोडा क्षार. सोडा शेवटी, धुताना. हे मुलांनी पाचवीतच पक्कं केलं तर मोठेपणी फॉरवर्ड करायच्या आधी एकदा थांबतील अशी आशा. अडकित्त्याचं म्हणाल तर त्याच्या खिळ्याला पितळी चकती होती. पितळ आणि लोखंड जोडलेलं असेल तर आम्लात लोखंड जास्त वेगाने झिजतं, म्हणून तो बुडवला नाही. व्हिनेगरची चिंधी गुंडाळून ठेवली, मध्ये मध्ये बघत. धारेचं काम मी केलं, मुलांनी बघितलं. संध्याकाळी तो उघडला.

लाकडाच्या पाटावरची विळी, लाकडी मुठीचं खुरपं यांनाही चिंधीच बरी. लाकूड भिजवून फुगवू नका.

आता भांडणाचा मुद्दा. काही पालक विचारतात, ‘आम्ही पोरांना शाळेत गंज घासायला पाठवतो का?’ राग येण्यासारखा प्रश्न आहे, पण चुकीचा नाही. मुलांकडून झाडलोट, ओझी वाहणं, बांधकामाची कामं करून घेतल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शाळेच्या फाटकाच्या बिजागऱ्या पोरांकडून घासून घेतल्या तर ती वेठ आहे, तिला ‘उपक्रम’ म्हणून फोटो काढू नयेत. पण स्वतःच्या घरची वस्तू आणून, का आणि कसं हे विचारत तिला पुन्हा चालती करणं, हे शिक्षणच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली, ती आपण डी.एड.ला ‘नई तालीम’ म्हणून पाठ केली आणि पेपरात लिहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवा, स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकू द्या, असं लिहिलं आहे. कागदावर सगळं आहे. बरणी कोणी आणायची, एवढंच ठरत नाही.

माझा आग्रह आहे त्याचं आणखी एक कारण आहे आणि ते विज्ञानाच्या बाहेरचं आहे. वर्गात सगळ्यांनी घरचा गंज आणला की काही मुलं एकदम मोठी होतात. ज्याचे वडील गॅरेजमध्ये आहेत तो सांगतो की चेन व्हिनेगरमध्ये घालू नका, आत पाणी अडकतं, रॉकेलने धुतात. बरोबर सांगतो! जिची आई मजुरीला जाते तिला खुरप्याचं पातं कुठे झिजतं ते माहीत असतं. ही मुलं भाषेच्या तासाला मान खाली घालून बसलेली असतात. घरी खुरपं आहे हे सांगायला लाजणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या दिवशी मात्र बाकीचे त्यांना विचारायला जातात.

सुरक्षिततेबद्दल थोडं रोखठोक. व्हिनेगर आणि ब्लिचिंग पावडर एकमेकांच्या जवळही आणू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसाला घातक असतो. ‘लवकर होईल’ म्हणून संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा मोह शिक्षकांनाच होतो. मुलांच्या हातात ते कधीही नको. खिडक्या उघड्या, हात धुणं, डोळे चोळायचे नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा चकचकीत मुलाम्याचे स्क्रू व्हिनेगरमध्ये बुडवू नका. आम्ल आधी जस्तच खातं, आणि जे कवच वाचवायचं तेच आपण काढून टाकतो. ॲल्युमिनियमही नको.

आणि धनुर्वात. प्रत्येक वेळी कोणीतरी आई विचारतेच, विचारलंच पाहिजे. गंजामुळे धनुर्वात होत नाही. तो होतो माती-शेणातल्या जिवाणूंमुळे, आणि बाहेर पडून गंजलेल्या खिळ्यावर ते असू शकतात. खोल जखमेत गेले की धोका. म्हणून टोकदार वस्तू नाहीत, काही टोचलं तर लगेच जखम धुऊन आरोग्य केंद्रात. आणि वही तपासतो तसं लसीकरणाचं कार्डही बघा. ५-६ वर्षांचा डोस, मग १० आणि १६ वर्षांची टीडी. गंजाच्या निमित्ताने दोन मुलांची राहिलेली लस निघाली तरी तासिका वसूल.

कधी करायचं? पावसाळा संपताना, नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात. खंडेनवमीला घरोघरी अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडतात, कारखान्यात यंत्रांना हार घालतात. चार महिन्यांच्या दमट हवेनंतर लोखंडाची विचारपूस करायची ही वेळ जुन्या लोकांनी उगाच निवडली असेल असं मला वाटत नाही. कोकणातल्या शिक्षकांना तर नमुने शोधावेच लागणार नाहीत, खाऱ्या हवेत पत्रा आणि बिजागरी मुकाट्याने संपत असतात. मीठ गंजाचा वेग वाढवतं, हे तिथल्या मुलांना आधी विचारा आणि मग सांगा. आणि कुठल्याही शाळेत जाता जाता छताकडे एक नजर टाकायला सांगा. स्लॅबचे पोपडे पडून सळी दिसते ना, तिथेही हेच चाललंय. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आतून फुगून काँक्रीट फोडतो. जाम झालेला स्क्रू आणि पडका स्लॅब, कारण एकच. ही गोष्ट मुलांनी घरी सांगितली तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दुरुस्तीचा विषय जरा लवकर निघेल, हा माझा स्वार्थ.

चिंचेचं पाणी, लिंबाचा रस हेही एकेका बरणीत घालून बघा. पितळेचं भांडं चिंचेने का उजळतं हे आजीला माहीत असतंच, नातवाला आता आम्लाचं नावही कळेल.

उरलेलं तांबूस पाणी मात्र लगेच ओतू नका. त्यात लोखंड विरघळलेलं आहे. वाटीत थोडं घेऊन त्यावर दाट कोरा चहा ओता. बघता बघता काळपट होतं. चहातलं टॅनिन आणि लोह मिळून काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या पाण्यानेही होतो, आणि लोह-टॅनिनची अशी शाई शतकानुशतकं लिहायला वापरली गेली आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या शाळांना हिरडा दारातच मिळेल. बोरूने किंवा काडीने प्रत्येकाला आपलं नाव लिहू द्या. आधी फिकट दिसतं, हवा लागली की गडद होतं. फक्त त्या दिवशी गणवेश नको, जुने कपडे घालून या असं आदल्या दिवशीच वहीत लिहून पाठवा, तो डाग निघत नाही.